बुडायला शिकवताना

मढच्या खडकांत अडकलेलं हे मूळ
मामंजींनी ओढून काढलं तेव्हा त्याला होती
कालवांची टरफलं, निळ्या नायलॉनची गाठ
आणि वेफर्सच्या पाकिटाचा चंदेरी तुकडा.
त्यांनी नखाने खरवडलं, हुंगलं,
मग जीभ लावली.
"खारट आहे. कुजलेलं नाही.
डांबर असतं तर घेतलं नसतं."

रिक्षावाला म्हणाला, जळणाला?
मी म्हटलं, माशांना.
त्याने आरशातून एकदा बघितलं
आणि मार्वे रोडचे सगळे खड्डे
मुकाट्याने पार केले.

घरात त्याच्या मापाचं भांडं नव्हतं.
उभं केलं तर डोकं बाहेर, आडवं केलं तर दोन्ही हात.
शेवटी बी विंगच्या मिसाळवहिनींचा टोप आणला,
पन्नास माणसांच्या मसालेभाताचा.
अर्धं उकळायचं, उलटवायचं,
मग राहिलेलं अर्धं.
तासाभरात पाणी चहासारखं झालं,
मग काढ्यासारखं,
आणि स्वयंपाकघरात वास सुटला
ओहोटीला चिखलात बसलेल्या होडीच्या बुडाचा.
हर्षदने ऑफिसातून येऊन झाकण उचललं,
काय आहे आज?
मूळ.
सुरण?
उत्तर न ऐकताच तो हात धुवायला गेला.

चार जुने टूथब्रश झिजले.
एका फटीतून वाळू निघाली, निघतच राहिली,
शेवटी एक खेकडा,
तांदळाएवढा, पाय सगळे जागेवर.

मग मोरीतली मोठी बादली.
आमच्याकडे पाणी सहा ते सव्वासात.
त्यात पहिली बादली लाकडाची,
उरलेल्या आमच्या.
रोज सकाळी पिवळं पाणी ओतायचं, नवं भरायचं,
आणि ते रोज वर येऊन तरंगायचं
सुट्टी लागलेल्या पोरासारखं.
वर वरवंटा ठेवला.
मामंजी वाकून, ओलं बोट चाटून सांगायचे,
"अजून आहे."

अडतीस वर्षं माझगावात
त्यांनी लाकडात पाणी शिरू नये म्हणून पगार घेतला.
सांध्यासांध्यात कापूस ठोकला, वर राळ.
ठोकण्याच्या आवाजात कान गेले, डावा आधी.
आता मोरीत स्टुलावर बसून
ते एका मुळाला म्हणतात,
पी. पी की रे. लाजतोस काय.

तेविसाव्या दिवशी मला उशीर झाला होता.
मग घ्यायला हात घातला
तर पाण्यावर काहीच नाही.
ते तळाशी बसलं होतं. आणि वरवंटा
रात्री चटणीला घेतलेला,
ओट्यावरच, लसणाची सालं चिकटलेला.
कोणी दाबलं नव्हतं.

मामंजींनी कोपरापर्यंत हात घालून चाचपलं.
"गेलं," म्हणाले,
जसं एखाद्या होडीबद्दल म्हणत असतील.
थोडा वेळ हात तसाच पाण्यात.
मग बोट चाटलं,
आणि चहा मागितला.

टाकीत ठेवल्यावर तिसऱ्या दिवशी
त्याच्यावर पांढरी, चिकट लव आली.
मी घाबरून कुर्ल्याच्या दुकानात फोन केला.
तो म्हणाला, बुरशी आहे ताई, राहू द्या, खातील.
खाल्ली. काळ्या मॉलींनी, दोन दिवसांत,
शेवया संपवाव्यात तशी.
पाण्याला अजून फिका रंग आहे.
आलं-गेलं माणूस म्हणतं, बदला की हो पाणी.
आम्ही हो म्हणतो.

रात्री टीव्ही बंद झाला की
सकर मासा मुळाच्या पोटाला चिकटतो
आणि खरवडत बसतो.
मला ऐकू येतं, अगदी बारीक.
मामंजी काचेवर तळवा टेकवतात,
डोळे मिटतात.
मी उजव्या कानाशी जाऊन ओरडते,
करवत का हो?
"छे," म्हणतात.
"रंधा आहे.
हात हलका आहे पोराचा."